भुजंगअण्णांचा न लिहिलेला ‘आणि’

भुजंगअण्णांनी उभ्या आयुष्यात स्वल्पविराम लिहिला नव्हता. बेंगळूरजवळच्या येलहंक्याच्या सब-रजिस्ट्रार कचेरीच्या आवारात ते दस्त लिहायला बसत, आणि दस्तात स्वल्पविराम घालणं म्हणजे घराला कुलूप न लावता गावाला जाणं, असं त्यांचं ठाम मत होतं. “अक्का, पूर्णविराम ठळक असतोय. तो कुणी चोरून घालत नाही. पण हे शेपटीवालं टिंब? कुणीही येतोय, पेनाचं टोक टेकवतोय, आणि माणसाचं शेत जातंय की हो.” म्हणून ते शब्दाला शब्द लावून लिहीत, आणि ओळ संपताना जागा उरलीच तर तिथे रेघ ओढून ती बुजवून टाकत.

हा नियम दस्तापुरता राहिला असता तर ठीक होतं. पण मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर छापखान्याकडून तपासायला आला, तेव्हा अण्णांनी त्यातले सगळे स्वल्पविराम खोडले. मुलीच्या तिन्ही मामांची नावं एका ओळीत होती: रामचंद्र गोविंद दत्तात्रय. लग्नात निम्मं बेळगाव विचारत होतं, की हे रामचंद्रराव दत्तात्रय कोण, आणि बाकीचे दोन मामा कुठे राहिले? ते दोन मामा खरोखरच जेवायला न थांबता निघून गेले. हे मला अण्णांच्या बायकोने सांगितलं. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, “ज्याला वाचता येतंय त्याला कळतंय.”

मी मूळची निपाणीची. यजमान रेल्वेत, म्हणून येलहंका. घरी बसून भिंती किती दिवस बघायच्या, म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी अण्णांच्या शेजारी टाइपरायटर मांडला. ते हाताने कन्नडमध्ये दस्त लिहीत, मी लोकांना हव्या त्या इंग्रजी प्रती टाइप करून देई. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या मशीनकडे वाकून बघितलं आणि विचारलं, “यात स्वल्पविरामाची कळ आहे?” आहे म्हटलं. “काढता येत नाही?” मला वाटलं थट्टा करताहेत. दुपारी डबा खाऊन परत आले तर त्या कळीवर चिकटपट्टी लावलेली.

ते बेळगावजवळच्या हुक्केरीचे. साठीला आलेले, उंच, थोडे वाकलेले, अंगात पांढरा सदरा. तोंडात सदा एक लवंग. सगळी हयात शाईत घालवून सदऱ्यावर एक डाग नाही, याचा त्यांना फार गर्व होता, आणि तो ते लपवत नसत. समोरच्या हॉटेलातून आम्ही बाय-टू कॉफी मागवायचो. अख्ख्या बेंगळुरात अशीच मागवतात, एक कॉफी दोन पेल्यांत. अण्णा दोन्ही पेले डोळ्यांसमोर धरून पातळी बघत आणि ज्यात थेंबभर जास्त असेल तो मला देत. मी कधी म्हटलं, आज तुम्ही घ्या, तर म्हणत, “वाटणी करणाऱ्यानं कमी घ्यायचं असतंय. नाहीतर पुढच्या वेळेला त्याला वाटणी करू देत नाहीत.”

दस्त लिहून झाला की ते मोठ्याने वाचत. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, घाई नाही. मग देणारा, घेणारा, साक्षीदार, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून विचारत, “सरी?” कन्नडमध्ये ‘ठीक आहे ना?’ म्हणायला हा एवढाच शब्द. प्रत्येकाने आपल्या तोंडाने ‘सरी’ म्हटल्याशिवाय ते सहीला कागद पुढे करत नसत. मान हलवलेली चालत नसे.

एकदा दोन मुलगे म्हाताऱ्या बापाला रिक्षातून घेऊन आले. जमीन विकायची होती. अण्णांनी दस्त वाचला आणि म्हाताऱ्याला विचारलं, “सरी?” म्हातारा गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. अण्णांनी पेनाला टोपण लावलं आणि मुलांना म्हणाले, आजोबांना घरी न्या, पोटभर जेवू घाला, उद्या आणा. मुलगे भडकले, चार शिव्या देऊन पलीकडच्या झाडाखालच्या लेखकाकडे गेले आणि अर्ध्या तासात अंगठा उठवून परतही गेले. मला अण्णांचाच राग आला. म्हटलं, काय उपयोग झाला? ते म्हणाले, “त्यानं लिहिला. मी नाही.” आणि लवंग चघळत बसले. चांगली माणसं कधीकधी फार चीड आणतात, हे मी तिथे बसून शिकले.

एक वाक्य मात्र ते आठवड्यातून एकदा तरी बोलून दाखवीत. “माझा एकही दस्त कोर्टाची पायरी चढलेला नाही.” दस्त कोर्टात जाणं हा लिहिणाऱ्याचा अपमान, असं ते मानीत. मग अन्नम्मांचा दस्त गेला.

अन्नम्मा आमच्याच गल्लीत राहायच्या. मूळच्या केरळच्या, निवृत्त नर्स. तरुणपणी बेळगावच्या लष्करी इस्पितळात काढलेली वर्षं त्यांच्या जिभेवर राहिली होती, त्यामुळे त्या मोडकंतोडकं पण ठसकेबाज मराठी बोलत. कुणी नमस्कार केला की “पोट साफ हाय का?” विचारत. त्या कॅथलिक, आणि त्यांचे यजमान ऑर्थोडॉक्स. दोघेही सुरियानी ख्रिस्ती, म्हणजे केरळातले फार जुन्या परंपरेचे. मी एकदा त्यांना विचारलं, तुमच्यात फरक काय? त्या म्हणाल्या, “प्रार्थना एक, चाल एक, पाद्रीचा झगा पण एक. ते पोपचं नाव घेत नाय, आमी घेतो. बस.” मला तेव्हा वाटलं, एवढ्याशा फरकाने काय होतंय. किती वेडी होते मी.

गावाबाहेर त्यांचा जमिनीचा एक तुकडा होता. त्यावर पत्र्याची शेड होती आणि रविवारी दोन्हीकडची मिळून वीसेक घरं तिथे प्रार्थनेला जमायची. ज्या रविवारी ज्यांचा पाद्री मिळेल त्यांचा. कॅथलिकांकडून जोसेफ मास्तर पुढे असत. ते शाळेत गणित शिकवीत. ऑर्थोडॉक्सांकडून वर्गीस, ते कारखान्यात फोरमन. दोघे एकाच स्कूटरवरून यायचे. अन्नम्मांचे यजमान वारले तेव्हा त्यांनी ठरवलं, ही जमीन चर्च बांधायला देऊन टाकायची. मूलबाळ नव्हतं. मराठी कळणारा लेखक म्हणून त्या अण्णांकडे आल्या. ही सगळी माझ्या येण्याआधीची गोष्ट, पण मी ती अण्णांकडून इतक्या वेळा ऐकली आहे की तिथे हजर होते असंच वाटतं.

अन्नम्मांनी सांगितलं, “लिहा, कॅथलिक-ऑर्थोडॉक्स दोघांच्यासाटी.”

अण्णा म्हणाले, “‘दोघं’ नको. ‘दोघं’ म्हटलं की मोजणी आली. उद्या कोण तिसरा शेजारी प्रार्थनेला आला तर त्याला बाहेर काढणार काय? नावं लिहू, पुरे.”

आणि त्यांनी आपल्या सुरेख कन्नड अक्षरात लिहिलं, ‘कॅथलिक ऑर्थोडॉक्स सुरियानी ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनामंदिरासाठी’. मध्ये ‘दोघं’ नाही, ‘आणि’ नाही. स्वल्पविराम तर नाहीच. मग मोठ्याने वाचलं. अन्नम्मा म्हणाल्या, सरी. जमीन स्वीकारणारे म्हणून जोसेफ मास्तर आणि वर्गीस शेजारी शेजारी उभे होते. दोघेही म्हणाले, सरी. दोघांनी एकाच पेनाने सह्या केल्या.

पुढे दहा-बारा वर्षं काही झालं नाही, कारण चर्च बांधायला कुणाकडे काही नव्हतं. नव्वदच्या दशकात येलहंका वाढायला लागलं. वीस घरांची दोनशे झाली, पत्र्याच्या शेडमध्ये लोक मावेनात, आणि पक्कं चर्च बांधायचं ठरलं. पायाचा दगड कुठल्या बिशपनी बसवायचा, इथे गाडं अडलं. कॅथलिक म्हणाले, आमच्या. ऑर्थोडॉक्स म्हणाले, आमच्या. एका रविवारी शेडमध्ये ढकलाढकली झाली, कुणाचा तरी चष्मा फुटला, आणि जोसेफ मास्तर नि वर्गीस वेगवेगळ्या वाहनांनी घरी गेले. मग कुणीतरी दस्त काढून बघितला, आणि प्रकरण कोर्टात गेलं.

कॅथलिकांच्या वकिलाने म्हटलं, ऑर्थोडॉक्स हे नाव नाहीच, ते विशेषण. ऑर्थोडॉक्स म्हणजे सनातनी. जुन्या वळणाचे कॅथलिक सुरियानी, म्हणजे आम्हीच. ऑर्थोडॉक्सांच्या वकिलाने म्हटलं, आमच्या सर्वोच्च धर्मगुरूंना ‘कॅथलिकोस’ म्हणतात. लिहिणारा हिंदू, त्याला काय कळतंय, त्याने शेवटचं ‘ओस’ खाल्लं. कॅथलिकोसांना मानणारे ऑर्थोडॉक्स सुरियानी, म्हणजे आम्हीच. मधे एक ‘आणि’ असता तर दोन्ही वकिलांना घरी बसावं लागलं असतं.

हे कळलं त्या दिवशी अण्णांनी कॉफी घेतली नाही. दस्ताची नक्कल मांडीवर घेऊन ती एक ओळ बोट ठेवून वाचत होते. मी म्हटलं, अण्णा, तुमच्या मुलीच्या मामांसारखं झालं की हे. बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांनी वर बघितलं, आणि पहिल्यांदाच मला त्यांचा चेहरा म्हाताऱ्या माणसाचा वाटला. “व्हय,” म्हणाले. “तिघांचा एक झाला. कुणी मला तेव्हाच थोबाडीत मारायला पाहिजे होती.”

त्यांना साक्षीला बोलावलं. मी बरोबर गेले. वकिलाने विचारलं, हा दस्त तुम्ही लिहिला? होय. या दोन शब्दांच्या मध्ये काही आहे? नाही. ‘आणि’ आहे? नाही. चिन्ह आहे? नाही. अण्णा म्हणाले, “पण साहेब, बाईंनी मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, दोघांच्यासाठी म्हणून. आणि हे दोघंही तिथंच उभे होते. त्यांनाच विचारा की.” वकील म्हणाला, “कागदात काय आहे तेवढं सांगा. तोंडी काय झालं ते इथे चालत नाही.” आयुष्यभर अण्णांनी हेच वाक्य शेकडो लोकांना ऐकवलं होतं. तेच आता उलटून त्यांच्या अंगावर आलं. ते खाली उतरले तेव्हा त्यांच्या हातातला रुमाल पिळलेला होता.

कोर्टाने निकाल होईपर्यंत जैसे थे ठेवण्याचा हुकूम दिला. शेडला टाळं, कुंपणाच्या फाटकाला टाळं, आणि फाटकाशी एक पोलीस. दोन्हीकडच्या लोकांना आत जायला मनाई.

अन्नम्मा चिडल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं. त्या अण्णांना म्हणाल्या, “कॉफी बाय-टू चालतंय, देऊळ बाय-टू का चालत नाय?” आणि हसल्या. मग म्हणाल्या, “भुजंगराव, माझं वय झालं. मला ते मोठं चर्च नको. मी मेल्यावर पाच मिनिट त्या जागेवर नेऊन प्रार्थना म्हणा. माझ्या नवऱ्याची झाली होती तिथं. एवढं करा.”

अण्णांनी ‘सरी’ म्हटलं. मोठ्याने, आपल्या तोंडाने. मी ऐकलं.

त्यानंतरचं वर्ष-दीड वर्ष म्हणजे त्या एका शब्दामागे धावणं. दस्तातली चूक सुधारायला चूक-दुरुस्ती पत्र असतं. देणारा आणि घेणारे, सगळ्यांनी सही केली की कचेरीत नोंद होते आणि भांडणाचा पायाच निघून जातो. अण्णांनी तो कागद एका बैठकीत लिहिला. मी शेजारी बसून बघत होते. ‘कॅथलिक’ लिहिलं, थांबले, ‘आणि’ लिहिलं. पुढे ‘ऑर्थोडॉक्स’ लिहून पेन तसंच धरून बसले, आणि मग माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी एक स्वल्पविराम काढला, आणि त्यापुढे ‘अशा दोन्ही समाजांच्या’. मोठा, गुबगुबीत, शाळेतल्या मुलाने काढल्यासारखा स्वल्पविराम. मला हसू यायला हवं होतं.

अन्नम्मांनी सही केली. मग अण्णा जोसेफ मास्तरांकडे गेले. मास्तरांनी चहा दिला, खुर्ची दिली, कागद दोनदा वाचला. “अण्णा, हे खरं आहे. मी तिथे होतो. मला सगळं आठवतंय,” म्हणाले. “पण मी एकटा सही करून काय होणार? आमची कमिटी मला फाडून खाईल. आधी वर्गीसना करू दे.”

वर्गीस निवृत्त होऊन इंदिरानगरला मुलाकडे राहायला गेले होते. दोन बस बदलून अण्णा तिकडे. वर्गीसनी चहाबरोबर केकसुद्धा दिला. “जोसेफ माझा दोस्त आहे हो, अजून आहे,” म्हणाले. “पण यात त्यांचं नाव पहिलं आलंय. आमचे लोक म्हणतील, आपण दुय्यम झालो.” अण्णा म्हणाले, आधीच्या दस्तातही तसंच होतं, तेव्हा तुम्ही सरी म्हणाला होता. वर्गीसनी केकची बशी पुढे सरकवली.

अण्णांनी घरी येऊन दुसरा मसुदा लिहिला, नावं उलटी करून. तो मास्तरांच्या कमिटीला चालेना. तिसरा लिहिला, त्यात दोन्ही नावं दोनदा, एकदा अशी आणि एकदा तशी. मग कॅथलिकांकडून निरोप आला, ‘आणि’ म्हणजे अर्धं-अर्धं का? आमची घरं जास्त आहेत. ऑर्थोडॉक्सांकडून निरोप आला, जमीन देणाऱ्या बाईचा नवरा आमचा, तेव्हा ‘आणि’ची गरजच काय? दर नव्या मसुद्यावर अन्नम्मांची सही पुन्हा घ्यावी लागे. सहीतली अक्षरं दर वेळेला थोडी जास्त वाकडी यायची. शेवटच्या मसुद्यावर त्यांचा अंगठा आहे.

मी एकदा भांडले. म्हटलं, “अण्णा, सोडा हो आता. ज्यांचं देऊळ त्यांना नको, तुम्ही का चपला झिजवताय? तुम्ही ना त्यांचे, ना यांचे.”

“त्यांचं देऊळ आहे खरं,” ते म्हणाले. “पण चूक माझी आहे की. ती काय त्यांच्याकडं मागू?”

“पण ते दोघं खोटं बोलायलेत!”

“खोटं कुठं बोलायलेत? दोघंही मला खरं सांगायलेत, घरात बसून. बाहेर येऊन बोलायचं धाडस नाही. भली माणसं आहेत, अक्का. म्हणून तर काही करता येईना. हलकट असती तर भांडलो असतो.”

कचेरीत त्यांच्याकडे येणारी माणसं कमी झाली होती. ज्याचा दस्त कोर्टात गेला त्याच्याकडे कोण जाणार? पलीकडच्या झाडाखाली रांग असायची आणि अण्णा आपले मसुद्यांची चळत घेऊन बसलेले.

त्याच सुमारास माझ्या यजमानांची हुबळीला बदली झाली. सामान बांधून झालं होतं, दोन दिवसांनी निघायचं होतं, आणि सकाळी गल्लीत बातमी आली की अन्नम्मा गेल्या. भाचा केरळहून दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. तोवर दोन्हीकडचे पाद्री येऊन बसले होते. दोघांनाही अन्नम्मा आपल्याच हव्या होत्या. जमीन देणारी बाई मेल्यावर कुणाच्या हातून पुरली, हेही उद्या कोर्टात सांगता येतं. भाचा बिचारा तरुण माणूस, गोंधळून गेला. शेवटी त्याने ठरवलं, शहरातल्या सार्वजनिक ख्रिस्ती स्मशानभूमीत न्यायचं, दोन्हीकडच्यांनी यायचं.

अण्णा त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, “वाटेत पाच मिनिटं त्या जागेवर थांबायचं. मी शब्द दिलाय.”

शवपेटीची गाडी फाटकाशी थांबली. गाडीच्या डाव्या अंगाला जोसेफ मास्तर आणि त्यांचे लोक, उजव्या अंगाला वर्गीस आणि त्यांचे. मधे पेटी. पोलीस पुढे झाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. हुकमाची प्रत त्याच्या खिशातच होती, ती त्याने दाखवली. पेटी आत नेता येणार नाही, म्हणाला, कारण पेटी उचलणारे कुणीतरी यांच्यातले नाहीतर त्यांच्यातले असणार. अण्णांनी प्रत हातात घेतली, चष्मा लावला, आणि रस्त्यात उभं राहून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. दोनशे माणसं वाट बघत होती.

“यात ‘उभय पक्षांपैकी कोणीही’ असं आहे,” ते म्हणाले. “मी उभय पक्षांत आहे काय?”

पोलीस विचारात पडला. “तुम्ही कोण?”

“मी हिंदू. मी फक्त दस्त लिहिला.”

पोलिसाने टाळं काढलं. फाटक माणूस जाईल एवढंच उघडलं, आणि अण्णा आत गेले. एकटे.

मी फाटकाच्या सळयांशी होते. आत गवत गुडघ्याइतकं वाढलं होतं, शेडचे दोन पत्रे उडालेले. अण्णा गवतातून चालत शेडच्या समोर, साधारण मध्यावर जाऊन उभे राहिले. चपला काढल्या. हात जोडले. मग तसेच उभे. मला कळेना हे थांबले का. मग ते वळले, आमच्याकडे तोंड करून, आणि काय झालंय ते मला कळलं. इथवर यायचं कसं, एवढाच विचार त्यांनी केला होता. पुढचं त्यांना येत नव्हतं.

“काय म्हणायचं असतंय?” त्यांनी ओरडून विचारलं. आधी मराठीत, मग कन्नडमध्ये.

डाव्या बाजूने जोसेफ मास्तर म्हणू लागले. सावकाश, वर्गात सांगतात तसं एकेक शब्द तोडून, अण्णांना मागून म्हणता यावं म्हणून. उजव्या बाजूने वर्गीसही म्हणू लागले. मला मल्याळम येत नाही, पण कान आहेत. तेच शब्द होते. तीच चाल. फक्त वर्गीस एक ओळ मागे होते. मास्तरांनी आवाज चढवला. वर्गीसनी चढवला. मग मास्तरांच्या मागचे लोक म्हणू लागले, मग वर्गीसच्या मागचे, आणि फाटकाशी नुसता कालवा झाला. दोघांचेही डोळे वाहत होते. ते मी पाहिलं.

अण्णांनी कानामागे हात धरला. एकदा डावीकडे वाकून ऐकलं, एकदा उजवीकडे. ओठ हलवायचा प्रयत्न केला, पहिला शब्द पकडायला गेले की दुसरीकडून दुसराच येई. मग त्यांनी दोन्ही हात वर केले.

“एकेकानं सांगा की हो!” ते गवतातून ओरडले. “मला काही कळेना! एकानं थांबा!”

कुणी थांबलं नाही.